आवळा घेऊन कोहळा देऊ नकोस

अगं, काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातानेच फोन उचलला आणि स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. तुझा विल अँडरसन लीगमधल्या एकाला हवाय, बदल्यात फोयेसाडे ओलुओकुन आणि वर दुसऱ्या फेरीचा एक रूकी पिक. खाली तुझा प्रश्न: "ताई, ओलुओकुनचे पॉइंट अँडरसनच्या जवळजवळ दुप्पट दिसतायत, वर पिकही मिळतोय. घेऊ ना?"

थांब. कशालाही हात लावू नकोस. आधी माझं ऐक.

तू गेल्या महिन्यात ती टीम घेतलीस ना, जुन्या मालकाने मधेच वाऱ्यावर सोडून दिलेली? अशा टीमला या खेळात ऑर्फन म्हणतात. आणि ऑर्फन टीम नव्या हातात गेली की लीगमधले जुने खेळाडू पहिल्या आठवड्यातच दार ठोठावतात, हे मी दहा वर्षं बघतेय. नवी सून आली की शेजारच्या बायका कशा वाटी घेऊन साखर मागायला येतात, तसं. साखर हे निमित्त, बघायचं असतं की बाई भोळी आहे की पोचलेली.

आईला परवा समजावत होते की तू नक्की काय करतेयस. म्हटलं, अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू कागदावर वाटून घ्यायचे, त्यांनी रविवारी मैदानावर जे केलं त्याचे पॉइंट आपल्या टीमला. साध्या लीगमध्ये दरवर्षी पाटी कोरी होते. तुझ्यासारख्या डायनस्टी लीगमध्ये होत नाही. खेळाडू तुझा, तू विकेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत. दरवर्षी फक्त नवोदितांचा रूकी ड्राफ्ट होतो, त्यातली निवडीची पाळी म्हणजे पिक. म्हणून इथे चूक केली की ती पाच-पाच वर्षं उरावर बसते. आणि तुझी लीग आयडीपी आहे, म्हणजे बचावाच्या खेळाडूंनाही एकेकट्याने पॉइंट मिळतात. आई म्हणाली, "म्हणजे जमीन घेण्यासारखं आहे, भाड्याने घेण्यासारखं नाही." मी म्हटलं, आई, तू खेळायला ये.

आता तो "दुप्पट पॉइंट"चा हिशोब आपण कागद-पेन घेऊन करू. तू पाठवलेले नियम समोर आहेत: एकट्याने टॅकल केला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडलं, तर दीड, मदतीच्या टॅकलला पाऊण, सॅकला, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडलं तर, ४. ओलुओकुन लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला; असा चांगला गडी आठवड्याला सहा टॅकल एकट्याने आणि चार मदतीने करतो असं धर. नऊ आणि तीन, झाले १२ पॉइंट. १७ सामन्यांचे २०४. तुझा अँडरसन एज रशर, म्हणजे कडेने घुसून क्वार्टरबॅकला पाडणारा; अशा चांगल्या गड्याचे आठवड्याला दोन आणि एक टॅकल धरले तर पावणेचार, १७ सामन्यांचे साधारण ६४, आणि वर्षाचे १२ सॅक धरले तर त्याचे ४८. एकूण ११२. म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे, दुप्पट नाही तरी दुपटीच्या जवळ.

पण बाई, हा हिशोब अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, कारण तो न सांगण्यातच त्यांचा फायदा.

तुमची लीग १२ जणांची, प्रत्येकाने ३ लाइनबॅकर उतरवायचे. म्हणजे ३६ लाइनबॅकर कामाला लागतात. खऱ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टीम किती? ३२. आजकाल निम्म्याहून जास्त वेळा मैदानावर पाच मागचे बचावपटू असतात, त्यामुळे लाइनबॅकर दोनच उरतात, पण ते दोघं बहुतेक ठिकाणी सामनाभर खेळतात. ३२ दुणे ६४. म्हणजे कुणीही न घेतलेले, वेव्हरवर फुकट पडलेले वीस-पंचवीस लाइनबॅकर कायम असतात, आणि त्यातला बऱ्यापैकी गडी आठवड्याला चार आणि तीन टॅकल देतोच. सव्वाआठ पॉइंट, वर्षाचे १४०. म्हणजे तुझा उत्तम लाइनबॅकर फुकटच्या लाइनबॅकरपेक्षा ६४ पॉइंट जास्त देतो, २०४ नव्हे. एज रशरचं उलट. वेव्हरवर जो उरतो त्याचे आठवड्याला एक आणि एक टॅकल, वर्षाला पाचेक सॅक. ५८ पॉइंट. आपला ११२. फरक ५४.

बघितलंस? दुप्पट म्हणत होतीस, तो फरक १० पॉइंटांवर आला. आणि तुमच्या लीगमध्ये सॅकचे ६ करायचं मतदान होणार आहे असं तूच लिहिलं होतंस. ते झालं तर एज रशरचा फरक ६७ वर जातो, लाइनबॅकरला मागे टाकून. तुझ्याकडे ट्रेड पाठवणाऱ्या भल्या माणसाने त्या मतदानात कुठे हात वर केलाय, ते जरा बघून घे हं.

लाइनबॅकर म्हणजे भाजी. रोज लागते, तिच्याशिवाय ताट पूर्ण होत नाही, पण साठवून ठेवायची वस्तू नाही. मंडईत गेलं की मिळते. मी हे आता शहाणपणाने सांगतेय, पण स्वतः कशी फसले ते ऐकशील तर हसशील.

२०२० मध्ये टॅम्पाच्या डेव्हिन व्हाइटने १४० टॅकल आणि ९ सॅक केले. लाइनबॅकरचे ९ सॅक! वर सुपर बोल जिंकला. वय २२. २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमधला पाचवा पिक. मला वाटलं, पुढची दहा वर्षं लाइनबॅकरची चिंता मिटली. पहिल्या फेरीचा रूकी पिक देऊन मी त्याला आणलं आणि तुझ्या दाजींना मिठाई भरवली. पुढे त्याचा खेळ दरवर्षी थोडा थोडा उतरत गेला, २०२३ च्या शेवटी त्याची जागाही डळमळली, आणि २०२४ मध्ये तो एक वर्षाच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला. मी तरी आशा धरून. तिथे तो एकही सामना खेळला नाही, ऑक्टोबरमध्ये त्याला सोडूनही दिलं.

आता खरी गंमत. त्याच उन्हाळ्यात, त्याच फिलाडेल्फियाने आणखी एकाला एक वर्षाच्या करारावर आणलं होतं. झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं मुख्यतः किक-पंटच्या वेळी धावणारा, नावालाच लाइनबॅकर. आमच्या लीगमध्ये तो कुणाच्याच टीममध्ये नव्हता. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ना, तसा तो १५१ टॅकल करून ऑल-प्रो झाला, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात गेला, फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला तीन वर्षांचे ५.१ कोटी डॉलर मिळाले. पहिल्या फेरीचा पिक देऊन मी आणलेला माणूस बाकावर, आणि माझ्या डोळ्यांसमोर फुकट पडलेला माणूस त्याच टीममध्ये शिखरावर. चूक माझीच. मी एका वर्षाच्या पॉइंटांना दहा वर्षांचा भाव दिला.

लाइनबॅकर वाईट खेळाडू नसतात गं. त्यांची खुर्ची पातळ असते. प्रशिक्षक बदलला, बचावाची पद्धत बदलली, पगाराच्या मर्यादेत बसवायला कुणाला तरी काढायचं झालं, की पहिली कुऱ्हाड बहुतेकदा त्यांच्यावर. आणि येतातही ते कुठूनही. हा ओलुओकुन येल विद्यापीठातला, २०१८ मध्ये सहाव्या फेरीत निवडलेला. पुढे २०२१ मध्ये १९२ आणि २०२२ मध्ये १८४ टॅकल करून दोन्ही वर्षं सगळ्या लीगमध्ये पहिला. त्याच ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला झायर फ्रँकलिन २०२४ मध्ये १७३ टॅकल करून पहिला. उलट २०२० मध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेला आयझाया सिमन्स, ज्याच्यासाठी रूकी ड्राफ्टमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते, त्याला २०२३ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनाने सातव्या फेरीच्या एका पिकवर न्यूयॉर्कला देऊन टाकलं. त्यामुळे रूकी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत लाइनबॅकर घेणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत घे, दोन घे, एक उगवला तरी पुरे.

बॉबी वॅग्नर? हो, तो अपवाद. २०१२ च्या दुसऱ्या फेरीतला माणूस, २०२३ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, १८३ टॅकल करून पुन्हा पहिला. पण त्याच ड्राफ्टमधला ल्यूक कीकली आठव. पहिल्याच वर्षी १६४ टॅकल, लीगमध्ये पहिला. कीकली माझ्या पहिल्या डायनस्टी टीमचा खांब होता. २०२० च्या जानेवारीत, अठ्ठाविसाव्या वर्षी, डोक्याला वारंवार बसलेल्या माराने थकून त्याने खेळ सोडला. त्याचा निरोपाचा व्हिडिओ मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिला आणि रडले. टीमसाठी थोडं, पण जास्त त्याच्यासाठीच, खरं सांगते.

आता दुसरी बाजू बघ. क्लीव्हलंडचा माइल्स गॅरेट. २०१८ पासून २०२४ पर्यंत सलग सात सीझन, एकाही वर्षी दहाच्या खाली सॅक नाहीत. त्यातल्या एका सीझनमध्ये तर बंदीमुळे तो दहाच सामने खेळला होता, तरी दहा सॅक. पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटने २०२१ मध्ये साडेबावीस सॅक करून मायकेल स्ट्रेहानच्या २००१ च्या विक्रमाशी बरोबरी केली. पुढच्या वर्षी छातीच्या दुखापतीने साडेपाचवर आला, तर लोकांनी घाबरून विकला. २०२३ मध्ये त्याचे पुन्हा १९. असे लोक लीगमध्ये फार तर दहा-बारा असतात, आणि एकदा हाती लागले की सात-आठ वर्षं पुरतात. सोनं ते हेच. तुझा अँडरसन २०२३ च्या ड्राफ्टमधला तिसरा पिक, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू, पुढच्याच वर्षी ११ सॅक, आणि वय अजून पंचविशीच्या आसपास. ओलुओकुन तिशी ओलांडलेला. एकाची दोन वर्षं आणि दुसऱ्याची सात वर्षं तराजूत टाक आणि मघाचा १० पॉइंटांचा फरक किती वेळ टिकतो बघ.

सोनं विकत घ्यायची वेळ मात्र साधता आली पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसला डेट्रॉइटच्या एडन हचिन्सनचा पाय मोडला. पाच सामन्यांत साडेसात सॅक करून तो तेव्हा लीगमध्ये पहिला होता. ते दृश्य टीव्हीवर बघवत नव्हतं. पण दोन आठवड्यांनी आमच्यातला एक जण जिंकण्याच्या घाईत होता, त्याला त्याच वर्षी पॉइंट हवे होते. मी दोन म्हातारे लाइनबॅकर आणि दुसऱ्या फेरीचा पिक दिला, हचिन्सन घेतला. हाड मोडणं आणि खेळाडू संपणं यात फरक असतो. २०२५ मध्ये तो परत आला, पुन्हा दोन आकडी सॅक, आणि मोठा करारही. तोच ट्रेड तुला आज उलट्या दिशेने आलाय, कळतंय ना? त्या माणसाच्या जागी तू आहेस आणि माझ्या जागी तुझ्याकडे ट्रेड पाठवणारा.

कॉर्नरबॅकचं, म्हणजे मागच्या फळीत कडेला खेळणाऱ्यांचं काय, असं तू विचारणारच. त्यांच्यावर मी एक रुपया खर्च करत नाही. या जागेचा न्याय उफराटा आहे. कबड्डीत ज्या कोपऱ्याचा गडी पोलादी असतो, त्या बाजूला चढाईवाला फिरकतच नाही, हे तुला माहीत आहे. शाळेच्या टीममध्ये तू तोच कोपरा सांभाळायचीस. इथेही तेच. सॉस गार्डनर २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षं ऑल-प्रो, आणि २०२३ मध्ये त्याचे इंटरसेप्शन, म्हणजे मधेच पकडलेले चेंडू, शून्य. चेंडूच फेकत नाहीत त्याच्याकडे, तर पॉइंट कुठून येणार? उलट नवशिक्या कॉर्नरवर सगळे तुटून पडतात, त्यामुळे त्याला टॅकल भरपूर मिळतात. म्हणून एखादा रूकी कॉर्नर एका सीझनपुरता फुकटात उचलायचा आणि सोडून द्यायचा. इंटरसेप्शनच्या आकड्यावर तर भाळूच नकोस. डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ मध्ये ११ घेतले आणि पुढच्या वर्षी ३. माणूस तोच, नशीब वेगळं. मागच्या फळीतलेच सेफ्टी कॉर्नरपेक्षा बरे, विशेषतः जे लाइनबॅकरजवळ पुढे उभे राहतात. पण तिथेही जमाल ॲडम्सने २०२० मध्ये साडेनऊ सॅक केले, मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी तो विक्रमच, आणि २०२१ मध्ये एकही नाही. पुढचं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कुणी तुला सांगणार नाही, आणि तिच्यात मी जबर पोळलेय. ॲपमध्ये खेळाडूच्या नावापुढे जी दोन अक्षरं असतात ना, तो कोणत्या जागेचा ते सांगणारी, ती दगडावरची रेघ नाही. मायका पार्सन्सला २०२१ मध्ये डॅलसने लाइनबॅकर म्हणून निवडलं. पहिल्याच वर्षी त्याने १३ सॅक केले, कारण खेळायचा तो एज रशरसारखा. नावापुढे मात्र लाइनबॅकर. म्हणजे टॅकलवाल्यांच्या पंगतीत बसून सॅकचं पक्वान्न. त्याचा भाव आकाशाला भिडला आणि मीही तेव्हाच घेतला. मग एका सकाळी उठून बघते तर आमच्या ॲपने त्याला उचलून बचावाच्या पुढच्या फळीत टाकलेलं. त्या फळीत माझे आधीच तीन जण, आणि लाइनबॅकरची एक जागा रिकामी. पार्सन्स तोच, सॅक तेवढेच, पण माझ्या टीममधली त्याची किंमत रात्रीत घटली. लीग चालवणाऱ्या कमिशनरला तीन मेसेज केले, काही उपयोग झाला नाही. नियमात लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. तुझी लीग जागा कोणत्या आधारावर ठरवते आणि सीझनच्या मधे बदलते का, हे आजच विचारून घे.

भाजीच घ्यायची तर निवडून घ्यावी, म्हणून माझी युक्ती सांगते. ऑगस्टमधले सराव सामने कुणी बघत नाही. मी बघते, एका हाती रिमोट घेऊन. २००८ पासून बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्येही रेडिओ असतो. प्रशिक्षक बाहेरून त्याच्या कानात पुढची चाल सांगतो आणि तो ती बाकीच्यांना. त्याच्या हेल्मेटला मागे छोटा हिरवा ठिपका चिकटवलेला असतो. ज्याच्याकडे निरोप येतो त्याला सहसा मैदानाबाहेर काढत नाहीत, आणि मैदानावर जो असतो त्यालाच टॅकल मिळतात. मी टीव्ही थांबवते, उठून पडद्याजवळ जाते आणि ठिपका शोधते. तुझे दाजी म्हणतात, "कपाळावरचं कुंकू शोधतेयस का?" हसू देत. मागच्या काही वर्षांत मला मिळालेले निम्मे लाइनबॅकर त्या ठिपक्याने दिले, आणि एकही पिक खर्च न करता.

आणि हो, टॅकलचे आकडे यजमान मैदानातली माणसं लिहितात. कुठे मदतीचा टॅकल सढळ हाताने वाटतात, कुठे हात आखडता. रविवारी रात्री अर्ध्या पॉइंटाने जिंकलीस तर लगेच नाचू नकोस. आठवड्याच्या मधे दुरुस्त्या येतात. मी एकदा बुधवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हरलेय. सहकाऱ्यांना वाटलं, घरी काहीतरी झालं.

आता त्या ट्रेडचं. त्याने सोबत जे लिहिलंय, "नवीन आहेस, मदत म्हणून चांगला भाव देतोय", ते वाचून मला जरा ठसकाच लागला. बाराजणांत तू एकटी बाई, वर नवीन, वर टीम ऑर्फन. दहा वर्षांपूर्वी मलाही शब्दाला शब्द हाच मेसेज आला होता, आणि मी आभार मानून ट्रेड मान्य केला होता. माणूस वाईट असेल असं नाही. डायनस्टीत सगळे हेच करतात, आपणही करू. पण त्याला उत्तर देताना चिडू नकोस आणि लांबलचक कारणंही देऊ नकोस. जितकी कारणं देशील तितकी त्याला तुझ्या मनातली किंमत कळेल. नुसतं नाकार आणि उलटा ट्रेड पाठव: त्याच्याकडचा तोच दुसऱ्या फेरीचा पिक, बदल्यात तुझ्याकडचे दोन तिशीकडे झुकलेले लाइनबॅकर. यंदा जिंकायची घाई तुला नाही. तुझी टीम दोन वर्षं लागवडीची आहे. भाजी त्याला दे, पिक तू ठेव, आणि वेव्हरवर ठिपकेवाला कोण उरलाय ते आपण ऑगस्टमध्ये दोघी बघू.

अँडरसनला हात लावू देऊ नकोस. त्याच्या बदल्यात बोलणं सुरूच करायचं तर समोरून पहिल्या फेरीचा पिक आणि सोबत तरणा एज रशर, त्याखाली फोन उचलायचा नाही.

रूकी ड्राफ्टच्या रात्री तुझ्याकडे मिनियापोलिसला साडेदहा म्हणजे इथे न्यू जर्सीत साडेअकरा. मी जागी असेन. तिसऱ्या फेरीत तुझी पाळी आली की आधी मला फोन कर, मग बटण दाब.